आरंभाची विद्या कोणाच्या वाट्याला?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा आपल्या गोव्यातच भरली. या दोन्ही घटनांचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु पटावर समान मोहरी मांडली गेली, तरी खेळाडूंची तयारी समान नसते, याचा विसर पडू नये असे आम्हांस वाटते.

आजच्या स्पर्धेत आरंभीच्या दहा-पंधरा खेळ्या खेळाडू संगणकाच्या साहाय्याने घरीच पक्क्या करून येतो. ही विद्या मार्गदर्शक, प्रवास आणि पैसा मागते. सीमाभागातील आळंदच्या मराठी मुलाने ती कोठून आणावी? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन आळंद तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. राज्याच्या संघाची वाट त्यामुळे कर्नाटकाच्या संघटनेतून जाते, आणि बंगळूर सुमारे सहाशे किलोमीटर दूर. आपल्या भाषेत शिकवणारे सोलापूर मात्र शंभर किलोमीटरच्या आत!

आडगावातून बुद्धिबळपटू कसा घडणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. बंगालच्या ग्रामीण भागातून आलेले मोहेशचंद्र बॅनर्जी देशी पद्धतीच्या खेळात वाढलेले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे करून त्या मोकळ्या जागी उंट बसवायचा, हा त्यांचा बचाव त्याच संस्कारातून आला. मे १८५५ मध्ये कलकत्त्यास त्यांनी जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरला अशाच डावात हरविले. त्याच आरंभाला १९२२ नंतर ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूचे नाव लाभले! बुद्धी खेड्यातही होती. तिला तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि डाव टिपून ठेवणारा भेटला, एवढेच.

आळंदच्या मुलांनाही नेमके तेवढेच हवे आहे. सोलापूरच्या संघटकांनी खुल्या स्पर्धांची निमंत्रणे तेथील शाळांपर्यंत पोहोचवावीत, कलबुर्गीच्या संघटकांनी तालुक्याच्या गावी सामने भरवावेत, आणि डावांच्या आरंभावरील सुबोध मराठी पुस्तके तेथील वाचनालयांना मिळावीत. यांपैकी कशासाठीही सीमारेषा हलविण्याची गरज नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केलेला दावा आपल्या गतीने चालेल. दहा वर्षांच्या मुलाचे शिकण्याचे वय मात्र निकालाची वाट पाहत थांबत नाही.