‘नंतर बघू’चे सौंदर्यशास्त्र

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत ‘साहित्य आणि चित्रपट’ या विषयावर होणाऱ्या चर्चासत्रांना आम्ही गेली अनेक वर्षे जात आहोत. कधी निबंधवाचक म्हणून, बहुधा श्रोते म्हणून. कादंबरीवरून केलेल्या चित्रपटावर तिथे कडाक्याचा वाद होतो. विषय अद्भुतपटाकडे वळला की मात्र सगळ्यांची भाषाच बदलते. कॅमेरा किती ‘के’चा होता, खर्च किती कोटी झाला, ग्राफिक्स कुठल्या देशात केले. सकाळच्या सत्रात भरताच्या रसविचारावर अधिकाराने बोललेले प्राध्यापक दुपारी ‘व्हीएफएक्स कमी पडले’ एवढा निकाल देऊन खाली बसतात. आमच्या मते हा निकाल नव्हे, पळवाट आहे. तिची किंमत आमचे विद्यार्थी मोजत आहेत.

आधी तंत्राबद्दल, कारण ते समजून न घेता त्याला नावे ठेवण्याचा दोषही आपल्यातच आहे. फिल्मवर चित्रीकरण होत असे तेव्हा प्रत्येक फुटाला पैसे पडत. चमत्कार पुष्कळदा कॅमेऱ्यातच साधावा लागे, म्हणून निर्णय आधी घ्यावे लागत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून दाखवली. त्यांच्या घरी फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. तिथे ‘नंतर’ या शब्दाला फारसा वावच नव्हता. डिजिटल कॅमेरा प्रकाशाची कच्ची नोंद घेतो. रंग नंतर ठरवता येतो. पात्रामागे हिरवा पडदा असला तर पार्श्वभूमीही नंतर ठरते. गर्दी, आभाळ, राक्षसाचा चेहरा, सगळे नंतर. ही सोय मोठीच आहे. पण प्रत्येक ‘नंतर’ हा मुळात निवेदनाविषयीचा निर्णय असतो: प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसणार, किती दाखवायचे, किती झाकायचे. हा निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय लागली की तंत्र लेखकाची जागा घेते.

पीटर जॅक्सन यांचे उदाहरण पाहावे. २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये उंच गॅन्डाल्फ आणि ठेंगणे हॉबिट एकत्र दिसावेत म्हणून अनेक दृश्यांत एका नटाला कॅमेऱ्याजवळ आणि दुसऱ्याला दूर बसवले होते. ही जुनी दृष्टिभ्रमाची युक्ती, पण नट एकमेकांसमोर होते. २०१२ चा ‘हॉबिट’ रेड एपिक या ५के कॅमेऱ्यांच्या जोड्या लावून, त्रिमितीत आणि सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींनी टिपला गेला. त्रिमितीत खोली खरी दिसते, त्यामुळे जुनी युक्ती निकामी ठरली. इयन मॅकेलन यांना हिरव्या पडद्यात एकटे बसून, दांड्यांवर लावलेल्या बुटक्यांच्या छायाचित्रांशी बोलावे लागले. आपण किती उद्विग्न झालो होतो हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. कॅमेऱ्यात लाल रंग फिका उतरतो म्हणून नटांचे चेहरे मुद्दाम तांबूस रंगवले गेले. आणि ४८ चौकटींत हालचालींतली पुसटता इतकी कमी झाली की अनेक प्रेक्षकांना मध्यपृथ्वीऐवजी दूरचित्रवाणीचा सेट दिसू लागला.

दोष कॅमेऱ्याचा होता काय? गिलेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडले आणि मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरूही झाले. पुरेशी तयारी न होता आपण सेटवर उतरलो, हे जॅक्सन यांनी तिसऱ्या भागाच्या चित्रीकरणाविषयीच्या चित्रफितीत मोकळेपणाने कबूल केले. पहिल्या भागाने एक अब्ज डॉलरच्या वर कमाई केली, हेही खरे. पण तिकिटांच्या विक्रीने रसनिष्पत्ती सिद्ध होत असेल तर आपण आपले विभाग बंद करून वाणिज्य शाखेत विलीन व्हावे.

आपल्याकडे ‘आदिपुरुष’चे तेच झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये झलक पाहून लोक हसले. प्रदर्शन जानेवारी २०२३ वरून जूनवर गेले. वाढीव महिने चित्रे सुधारण्यासाठी होते. पण ज्या कथेतला प्रत्येक प्रसंग प्रेक्षकाला पाठ आहे, ती आज पुन्हा कोणत्या दृष्टीने सांगायची, या प्रश्नाचे उत्तर संगणकापाशी नव्हतेच. तरीही आपली बहुतेक चर्चा ‘ग्राफिक्स वाईट’ इथेच थांबली.

उलट ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट अनेक पावसाळे खाऊन २०१८ मध्ये आला, आणि २०२४ च्या पुनःप्रदर्शनात पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्यातही संगणकीय काम आहे. पण हस्तरची भूक, पिठाची बाहुली, पिठाचे रिंगण आणि त्याबाहेर पडलेले पाऊल हे नियम कथेतच पक्के झालेले आहेत. म्हाताऱ्या आजीचे काम एका बालनटाने चेहऱ्यावर रंगसामग्री चढवून केले. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, असे आपण वर्गात शिकवतो. विस्मयाला नियम लागतो. काहीही घडू शकते म्हटल्यावर कशाचेच आश्चर्य वाटत नाही.

आता जवळचे दाखले. चाळीसगावचे केकी मूस घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून छायाचित्रांत निसर्गदृश्ये उभी करीत. कॅमेऱ्याची कळ दाबण्याआधीच सगळा विचार झालेला असे. आणि धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने तासाभरावर मालेगाव. जिल्हा नाशिक, पण बाजारहाटाने खानदेशाशी बांधलेले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि पुढे थेट सुपरमॅनला हात घातला. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती धडपड दिसते: हिरवे कापड टांगून साधलेली क्रोमाची करामत, पाण्यात पडलेला कॅमेरा, यंत्रमागावर राबणारा काडीपैलवान शफिक शेख आणि त्याच्या चड्डीची लोंबती नाडी. २०११ मध्ये शफिक मुखाच्या कर्करोगाने गेला.

इथे आम्हांला दुसऱ्या पंथाशीही भांडायचे आहे. मालेगावचे नाव निघताच ‘किती निरागस!’ म्हणून डोळे पुसणारे रसिक आमच्याच व्यवसायात आहेत. हे कौतुक नव्हे, वरून खाली पाहणे आहे. गरिबी हा सौंदर्यगुण नाही. नासिर शेख यांना चांगला कॅमेरा मिळता तर त्यांनी तो आनंदाने वापरला असता. हिरवे कापड न्यूझीलंडलाही होते आणि मालेगावलाही. फरक असा की नाडी लोंबणारा सुपरमॅन यंत्रमागाच्या गावात कसा दिसेल, हा विचार कापड टांगण्याआधी झालेला होता. तो विनोद निरागस नाही, जाणता आहे. त्याची समीक्षा करायची तर त्याला रचना मानावे लागेल.

हे सगळे आम्ही चिडून का लिहितो? काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने आजीकडून ऐकलेली कानबाईची अहिराणी कहाणी मोबाइलवर चित्रित करायला घेतली आणि महिन्याभरात सोडून दिली. ‘‘सर, ग्राफिक्सशिवाय देवी प्रकटताना कशी दाखवणार?’’ आम्ही त्याला खर्चाची अडचण आहे खरी, असे सांगून मोकळे झालो. आमचे ते उत्तर आज आम्हांला लाज आणते. त्याच्याच घरात श्रावणातल्या रविवारी एका नारळाला नथ घालून, दागिने चढवून चौरंगावर बसवतात. रात्रभर गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन करताना बायकांचे डोळे भरून येतात. नारळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. ती देवी कशी होते, हा प्रश्न काव्यशास्त्राचा आहे आणि तो शिकवण्याचाच पगार आम्ही घेतो.

तेव्हा पुढच्या चर्चासत्रात कोणी ‘व्हीएफएक्स कमी पडले’ म्हणाले, की आम्ही उठून विचारणार आहोत: कोणता निर्णय कोणी, केव्हा घ्यायला हवा होता, आणि तो का घेतला गेला नाही? उत्तर देण्यासाठी कॅमेऱ्याची माहिती लागेल आणि अभिनवगुप्तही. दोन्ही वाचायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.