चष्मे वाटता, मग मैदान का नाही?

शाळेत नेत्रतपासणी शिबिर झाले, मुलांना चष्मे वाटले, फोटो निघाले की डोळ्यांचा प्रश्न सुटला असे समजले जाते. चष्मा मिळालाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण नंबर लागूच नये म्हणून शाळेने काय केले, हे कोणी विचारत नाही. ते आम्ही विचारतो.

वाढत्या वयात डोळ्याचा गोळा प्रमाणाबाहेर लांबला की फळ्यावरचे अक्षर पुसट दिसते. यालाच आपण मायनस नंबर म्हणतो. दिवसाच्या भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि ही लांबी आटोक्यात राहते, असे संशोधक मानतात. वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा बाहेर झाडाच्या सावलीतला उजेडही कित्येक पट अधिक असतो. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला गेला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ना औषध, ना यंत्र. फक्त ४० मिनिटे.

कोणी म्हणेल, विदर्भाच्या उन्हात मुलांना बाहेर काढायचे का? म्हणूनच तर झाडे हवीत. आमच्या खापा-सावनेर भागात मार्चपासूनच ऊन चटके देते. तेव्हा उघडेबोडके मैदान असून नसल्यासारखे. कडुनिंब, करंज, पिंपळ असतील तर मुले सकाळच्या शाळेतही बाहेर बसतील, खेळतील. झाड ही शाळेची शोभा नाही, सोय आहे. बार्सिलोनातील शाळकरी मुलांच्या अभ्यासातही जिथे हिरवाई अधिक, तिथे चष्म्याचे प्रमाण कमी आढळले.

नंबर श्रीमंताच्या मुलालाही लागतो. पण त्याला फळा दिसेना की आठवड्यात चष्मा येतो. वस्तीतल्या मुलीला दिसत नाही हे कळायलाच वर्षे जातात. तोवर ती ‘अभ्यासात कच्ची’ ठरते, मागच्या बाकावर जाते आणि एक दिवस शाळेतूनच बाहेर पडते. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या त्या मुलीला अंगण नाही. तिच्यासाठी शाळेचे मैदान हीच काय ती मोकळी जागा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे स्पष्ट लिहिले आहे. पण कागदावरचा हक्क म्हणजे हाती आलेला हक्क नव्हे. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले. सार्वजनिक जागा वापरली, तरच ती आपली होते.

पैसा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. खाप्याजवळ गुमगावला मॉइलची मँगनीजची खाण आहे. खाणीमुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. खाणबाधित भागात शिक्षण, आरोग्य आणि पर्यावरणावर तो खर्च करता येतो. शाळेभोवती झाडे लावणे आणि जगवणे या तिन्हींत बसते.

आमच्या मागण्या तीन. शाळेच्या मैदानावर दुसरे बांधकाम नको. रोज एक तास मोकळ्या जागेत घ्यावा. झाडे लावण्याबरोबर त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी ठरवावी.

शासकीय आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आईबापांनो, ती खुर्ची तुमची आहे. पुढच्या बैठकीला जा, मैदानाचा विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहूनच उठा.

जय भीम!