पेरूचा वास आणि वाणाची बदनामी




पेरूला पूर्वीचा वास राहिला नाही, याचं सगळं खापर गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ‘सरदार’ वाणावर फोडलं आहे. ते पटलं नाही. सरदार म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी निवड पुण्यातली, १९२७ची. आमच्या राहात्याच्या बागांत तो वर्षानुवर्षं आहे. पूर्वी घमघमणारा वाण आताच कसा बिघडला?

पेरूचा वास एकाच द्रव्याचा नसतो. हिरव्या फळात चुरडलेल्या गवतासारख्या वासाची हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडं जास्त असतात. फळ पिकू लागलं की इथाइल ब्युटिरेटसारखी गोडसर एस्टरं वाढतात. लांबच्या बाजारासाठी माल कच्चाच तोडला, तर तो वाटेत पिवळा पडेल. वास मात्र बेताचाच राहील.

खरी गोम बहराची, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाची आहे. आंबे बहराचं फळ ऐन पावसाळ्यात येतं. पाणचट, वर फळमाशीनं डंखलेलं. मृग बहरासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडावी लागते, पानगळ सोसावी लागते. मग फळ थंडीत सावकाश पोसतं आणि गोडी धरतं. पण बारमाही मागणी आणि ठिबकचं पाणी हाताशी असताना ताण द्यायला धीर कुणाला?

पत्रलेखकांनी पेरू ऑगस्टात घेतला आणि चार दिवस फ्रिजमध्ये ठेवला, असं त्यांनीच लिहिलंय! त्यांनी डिसेंबरात बागेवर यावं, हिरवट-पिवळा झालेला सरदार झाडावरून तोडून खावा आणि मग वाणाला खुशाल नावं ठेवावीत.

– एक पेरू बागायतदार, राहाता (जि. अहिल्यानगर)