शब्दांच्या वाटेवर : शिबोलेथ

इंग्रजी अग्रलेखांत ‘शिबोलेथ’ हा शब्द अधूनमधून भेटतो. एखाद्या पक्षाने वर्षानुवर्षे घोकलेली, पण अर्थ झिजून गेलेली घोषणा, असा तेथे त्याचा अभिप्राय असतो. मूळ हिब्रूत मात्र शिबोलेथ म्हणजे धान्याचे कणीस. पाण्याचा ओघ, असाही दुसरा अर्थ कोशकार देतात.

कणसाची घोषणा झाली ती बायबलमुळे. जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात ती कथा आहे. इफ्ताहाच्या गिलादी सैन्याने एफ्राइमी लोकांचा पराभव केला आणि जॉर्डन नदीचे उतार रोखून धरले. पळून आलेला माणूस पार जाऊ द्या म्हणे. दोघेही इस्राएलीच, चेहऱ्यावरून कोण कोणाचा हे कळावे कसे? मग त्याला ‘शिबोलेथ’ म्हणावयास लावीत. एफ्राइमींच्या जिभेला ‘श’ साधत नसे. तो ‘सिबोलेथ’ म्हणे, आणि तेथेच मारला जाई. त्या प्रसंगी ४२,००० पडले, असे ग्रंथ सांगतो. मिल्टनने १६७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन अ‍ॅगोनिस्टिस’मध्ये या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. पुढे ‘आपला-परका ओळखण्याची खूण’ या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला. रुळला तोही, पाहा, उतार रोखणाऱ्यांच्याच उच्चाराने!

ही केवळ पुराणकथा म्हणून सोडून देता येत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या आज्ञेवरून हजारो हैतीवासीयांची कत्तल झाली. सैनिक कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची काडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव, ‘पेरेहिल’, विचारीत, असे सांगतात. त्यातील ‘र’ हैतीच्या माणसाला स्पॅनिश वळणाने वठवता येत नसे.

आपल्या घरांतही असे उतार आहेत. सुदैवाने तेथे कोणी शस्त्र घेऊन उभे नसते. हिंदी शाळेत शिकणारे इंदूर-ग्वाल्हेरचे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘फळ’ला ‘फल’ म्हणते, आणि पुण्याची मावशी हसते. ते हसणे मला कधीच रुचले नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ निदान लिपीत तरी दिसतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ निराळे आहेत, हे तर लिपीही दाखवीत नाही. ते कानानेच उचलावे लागते, आणि आपल्या मुलांना तो कान देणारी शाळा म्हणजे घरातली आजी!