औषधी वनस्पतींच्या तक्त्यात तिसरा रकाना हवाच!



परिसर अभ्यास शिकवताना आपण जवळपास सगळेच मुलांकडून एक तक्ता करून घेतो. त्यात दोन रकाने असतात : वनस्पतीचे नाव आणि तिचा उपयोग. तुळस – सर्दी. आलं – खोकला. हळद – जखम. ओवा – पोटदुखी. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळतात आणि विषय संपतो.

माझं स्पष्ट मत आहे की हा तक्ता अर्धवट आहे. त्यात 'काळजी' असा तिसरा रकाना हवाच. कारण शाळेत शिकलेलं मूल घरी जाऊन सांगतं, आणि "बाईंनी सांगितलंय" म्हटलं की घरातही ते खरं मानलं जातं.

काही उदाहरणं पाहा.

हळद : खरचटलं की हळद लावायची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण गंजलेला पत्रा लागला, जखम खोल असली, तर हळद धनुर्वात थांबवत नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठायचा. नवजात बाळाच्या नाळेलाही हळद लावू नये. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवायची.

आलं-मध : मोठ्यांच्या खोकल्याला बरं वाटतं. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. मधातल्या काही जिवाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

ज्येष्ठमध : हे एक मूळ आहे. घसा बसला की चघळतात. रोज आणि जास्त खाल्लं तर रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. आजोबांना बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

वेखंड : बाळगुटीत हमखास असतं. त्यातल्या असॅरोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. शिवाय पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, हे अंगणवाडीताई सांगतातच.

सुरण, अळू : यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खवखवतो. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की त्रास कमी होतो.

बटाटा : हिरवा पडलेला किंवा खूप कोंब आलेला बटाटा टाकून द्यावा. त्यातलं सोलॅनिन उकडूनही जात नाही.

आता कोणी म्हणेल, "सर, आपल्या आजीने हेच सगळं दिलं, आम्ही मेलो का?" प्रश्न रास्त आहे. पण आजीची पद्धत नीट आठवून बघा. ती सहाणेवर जायफळाचा एकच वेढा द्यायची, हळकुंडाचे दोन. सुरणाला आमसूल लावल्याशिवाय चुलीवर ठेवायची नाही. म्हणजे 'किती' आणि 'कसं' हा हिशोब तिच्याकडे होता. तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही, पण ती मोजून द्यायची. आपण मात्र तिचा फक्त उपयोगाचा रकाना उचलला आणि प्रमाणाचा सोडून दिला. आज मोबाइलवर 'रोज एक ग्लास काढा प्या' एवढंच येतं. किती दिवस, कोणी प्यायचा नाही, हे कोणी सांगत नाही. जाणकार वैद्यही वय, प्रकृती आणि चालू औषधं विचारल्याशिवाय काही देत नाहीत. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' हा समज मुलांच्या मनात आपणच घालू नये.

आणखी एक धोका शाळेच्या कुंपणापाशीच असतो. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात पोहोचतात. कण्हेर आणि धोतराही विषारीच. वनस्पतींची ओळख करून देताना पहिला नियम हाच सांगूया : बघायचं, वास घ्यायचा, पण मोठ्यांना विचारल्याशिवाय चाखायचं नाही. चुकून कोणी खाल्लंच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा आणि त्या झाडाचं पान किंवा बी सोबत न्यायचं.

शिक्षकांनी एक सोपा उपक्रम घ्यावा. मुलांनी घरातल्या मोठ्यांना प्रत्येक वनस्पतीबद्दल तीन प्रश्न विचारायचे : कशासाठी? किती? कोणाला देऊ नये? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात मिळालं नाही, तर आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारायचं. पालकांनीही "शाळेचं काहीतरी" म्हणून टाळू नये, मुलाजवळ दोन मिनिटं बसावं.

परंपरेचा मान राखायचा तर ती पूर्ण शिकवूया, अर्धी नको. पुढच्या वेळी तक्ता आखताना पट्टीने एक रेघ जास्त मारा, एवढीच विनंती.