भोजनकारभाऱ्याची जीभ

आपल्या किनाऱ्यावर, कोर्लई-रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत, लग्नाच्या मांडवात द्राक्षारसाची बाटली आली की एकच प्रश्न विचारला जातो : ‘गोड आहे ना?’ होकार मिळाला की परीक्षा संपली. बाटलीवर पोर्तुगीज नाव असेल, तर त्या प्रश्नाचीही गरज उरत नाही. या दोन्ही सवयींविरुद्ध मला बोलायचे आहे.

एका घरी ‘मोस्कातेल’ म्हणून मला पेला देण्यात आला. रंग सोनेरी होता, पण वास साखरेच्या पाकाचा. यजमानांचे मन राखण्यासाठी मी ‘उत्तम’ म्हणालो. ते असत्य होते. हा लेख म्हणजे त्याचे प्रायश्चित्त समजावे.

मोस्कातेल हे आधी द्राक्षाचे नाव, मग द्राक्षारसाचे. ज्यांच्या द्राक्षारसाला ताज्या द्राक्षाचाच गंध येतो, अशा मोजक्या जातींत त्याची गणना होते. पोर्तुगालमधील सेतुबाल प्रदेशात, ज्याचे सीमांकन १९०७ साली झाले, रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेला मद्यार्क घालतात. आंबणे थांबते आणि द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते. पुढे साली कित्येक महिने त्यात मुरतात. संत्र्याच्या सालीचा, फुलांचा, मधाचा गंध त्यातून येतो. याच द्राक्षाचा अगोड द्राक्षारसही होतो. मग केवळ गोडी ही कसोटी कशी?

पारख कठीण नाही. पेला पांढऱ्या कापडासमोर धरावा. द्राक्षारस गार असावा, पण बर्फासारखा नको. अति थंडीत गंध दबतो. आधी हुंगावा, मग लहानसा घोट जिभेवर फिरवावा. गोडीच्या पाठीशी आंबटपणा हवा. तो नसेल तर ते सरबतच. घोट संपल्यावर गंध किती वेळ रेंगाळतो, तेही पाहावे.

कोणी म्हणेल, ‘फादर, आता आम्हांला पिण्याचे धडे देणार काय?’ नव्हे, थांबण्याचे देतो. दारुडा चव घेत नाही. चव घेणाऱ्याला दोन घोट पुरतात.

काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी आठवा. द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने चाखला, आणि हाच उत्तम असा निर्वाळा दिला. आपण मात्र उगम पाहून निर्वाळा देतो आणि नंतर चाखतो. चौलवरील पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली. आपल्या जिभेवरील अद्याप संपलेली नाही. नाशिकचा द्राक्षारस ‘देशी’ म्हणून न चाखताच नाकारणे, हा त्याच गुलामीचा अवशेष.

वेदीवर तर चवीलाही दुय्यम स्थान आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ९२४ नुसार मिस्सेचा द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. साधा, आंबट पण शुद्ध द्राक्षारस तेथे चालतो; सुगंधी पण भेसळीचा चालत नाही. वेदीपुढे जे खरेपण आपण मागतो, ते मांडवातही का मागू नये?

पुढच्या लग्नात मला पेला द्याल, तेव्हा बाटली झाकून ठेवा. मीही खरे तेच सांगेन.