मुलांचें स्वतःचें कपाट

मुलांनीं आपल्या वस्तु नीट ठेवाव्या, असें प्रत्येक घरीं दिवसांतून चार वेळां तरी बोललें जातें. परंतु त्या ठेवावयाच्या कोठें, या प्रश्नाचें उत्तर फार थोड्या घरांत मिळेल. वडिलांच्या कपाटाची किल्ली वडिलांपाशीं, आईच्या ट्रंकेवर गाद्यांचा ढीग, खुंट्या पुरुषभर उंचीवर आणि कोनाड्यांत औषधांच्या बाटल्या. मग दप्तर खाटेवर, सदरा दारावर व मोजे खाटेखालीं गेले, तर दोष एकट्या मुलाचा कसा? आमचें मत असें आहे कीं, मुलास जागा दिल्यावांचून त्यास अव्यवस्थित म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोंचत नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या बालगृहांत लांबट, बुटकीं कपाटें असत व आंतील साहित्याची निगा मुलांवरच सोंपविलेली असे. शिवाय प्रत्येक बालकास त्याच्या नांवाची चिठ्ठी लाविलेला एकेक लहान खण मिळे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, त्यांत महागड्या साहित्याऐवजीं गांवांत मिळतील त्या वस्तूंवर भर होता. म्हणून परवडत नाहीं ही सबब आम्ही मान्य करणार नाहीं. जेथें स्वतंत्र खोली नाहीं, तेथें भिंतींतल्या फडताळाचे खालचे दोन कप्पे रिकामे करून द्यावे. तेवढ्यानेंही काम भागतें.

सुतार बोलावणें शक्य असेल, तर कपाटाचें माप भिंतीवरून न घेतां मुलावरून घ्यावें. ४ फूट उंचीच्या मुलासाठीं कपडे अडकविण्याची दांडी जमिनीपासून ३ ते ३॥ फुटांवर असावी. तिच्यावरची जागा आईनें पाहुण्यांच्या पांघरुणांकरितां खुशाल घ्यावी. पुस्तकांच्या फळीस १० इंच खोली पुष्कळ झाली. अधिक खोल केल्यास मागें दुसरी रांग लागते, आणि त्या रांगेंतील पुस्तक वार्षिक परीक्षेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं! फळ्या खिळ्यांनीं कायमच्या ठोकूं नयेत. दोन्ही बाजूंस २-२ इंचांवर भोकें पाडून लाकडी खुंट्यांवर त्या टेकवाव्या, म्हणजे मुलाबरोबर कपाटही वाढतें.

मुलें उघड्या खणांवर पाय देऊन चढतात, हें विसरूं नये. जड वस्तु तळाशीं ठेवाव्या आणि कपाट लोखंडी पट्टीनें भिंतीस जखडावें. कोंकणांत पावसाळ्यांत भिंती ओल धरतात. तेथें मध्यें लाकडी ठोकळे घालून कपाट भिंतीपासून थोडें पुढें घ्यावें व दारांस जाळी ठेवावी. भुशाच्या दाबीव फळ्यांचीं रंगीत कपाटें दुकानांत फार शोभतात, पण ओल लागली कीं त्या फळ्या फुगतात. बाहेरून आपोआप लागणारी कडी तर नकोच. लपंडावांत आंत शिरलेल्या मुलास ती बाहेर येऊं देणार नाहीं. डांबराच्या गोळ्याही नकोत. लहान भावंडास त्या पेपरमिटासारख्या दिसतात आणि पोटांत गेल्यास त्या विषारी आहेत.

आतां ज्या गोष्टीवर आमचा पालकांशीं खरा वाद आहे ती सांगतों. या कपाटांतील एक कप्पा सर्वस्वीं मुलाचा असावा. शिंपले, मोराचें पीस, बंद पडलेलें घड्याळ, काड्यापेट्यांचे छाप यांस घरांत अडगळ म्हणतात व दिवाळीच्या साफसफाईंत एके दिवशीं तीं केराच्या टोपलींत जातात. वडिलांचे जुने कागद मात्र कोणी न विचारतां फेंकीत नाहीं. ज्याची वस्तु विचारल्यावांचून टाकिली जाते, तो दुसऱ्याच्या वस्तूस विचारून हात लावावयास कोणापासून शिकेल? खाण्याचे जिन्नस आंत ठेवावयाचे नाहींत, एवढा एक नियम आईनें अवश्य घालावा. मुंग्यांपुढें कोणाचेंच स्वातंत्र्य टिकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याशींही थोडें बोलावयाचें आहे. पुष्कळ घरांत कपाट भावाचें असतें आणि घड्या ताईच्या हातच्या असतात. सात वर्षांच्या मुलास सदऱ्याची घडी सहज घालतां येते. शिपाई आपली वळकटी स्वतः बांधतो, त्यानें त्याच्या पौरुषास उणेपणा येत नाहीं. ताईस दोन कप्पे कमी आणि काम दुप्पट, ही वांटणी ज्या घरीं असेल, तेथें कपाट करावयास घेण्यापूर्वींच तिच्या वांट्याचे कप्पे ठरवावे.

सुतार माप घ्यावयास येईल त्या दिवशीं मुलांस घरींच राहूं द्यावें व पट्टीचें एक टोंक त्यांच्या हातीं द्यावें. पुढें दर जून महिन्यांत, नवीं पुस्तकें आलीं म्हणजे, उंची पुन्हां मोजावी आणि जरूर तर फळी एक भोक वर सरकवावी.